निळी पट्टी

सकाळी तलावात बोट, दुपारी टेकडीवरचा रोपवे. संध्याकाळी पाय बोलायला लागले, तशी मी आणि माझी थोरली बहीण गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. तिथे तासाभरासाठी वेगळी खोली मिळते. आत एक छोटं कुंड आणि दाराला आतून कडी.

कुंड निळ्या फरशीच्या पट्टीपर्यंत भरलेलं होतं. मी उतरले आणि पाणी पट्टीच्या वर चढलं. ताई उतरली तसं ते थेट काठाला टेकलं.

"हसलीस तर बघ," ताई म्हणाली.

तास संपल्यावर मी आधी बाहेर आले. पाणी खाली गेलं. मग ताई बाहेर आली. या वेळी पाणी तसूभरही उतरलं नाही.

"ताई, पट्टी अजून पाण्याखालीच आहे गं."

"झऱ्याचं पाणी येत असेल आत."

तोटी बंद होती, आणि कोरडी. पाणी इतकं नितळ की तळाची फरशी न् फरशी दिसत होती. कुंडात कुणीच नव्हतं.

ताईने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि ती कडीशी झटायला लागली. मी कुंडावरची नजर हलवली नाही. पाणी वर आहे तोवर जे काही आहे ते आतच आहे, एवढंच मला कळत होतं.

"निघाली का?"

"हात ओले आहेत गं, सटकतेय सारखी!"

तेवढ्यात पाणी हलकेच डुचमळलं, आणि निळ्या पट्टीपर्यंत खाली आलं.