पहिल्यापासून

खिडकीतल्या उन्हात मेण पाघळलं आणि वरच्या ओळीतले सहा दात एकमेकांवर रेलून बसले.

कवळ्या करणारा ते बघत उभा राहिला. उद्या सकाळी ही कवळी तोंडात बसवून बघायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि एकेक दात मेणात लावताना त्याने तीन दिवस मान मोडून घेतली होती. कामाच्या टेबलावरून ती खिडकीत कुणी नेली, हे विचारायची गरजच नव्हती. त्याची सात वर्षांची मुलगी मुंगी दाराशी उभी होती आणि तिच्या बोटांना गुलाबी मेण लागलं होतं.

"आत्याला दाखवायची होती," ती म्हणाली. "उन्हात ती हसल्यासारखी दिसते, म्हणून."

आत्या म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली, साठीला टेकलेली बाई. त्याची सख्खी बहीण, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, आणि तरी दोघं आजच आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. तो तीन दिवसांचा असताना त्याला दत्तक दिलं होतं. कुठून कुठून पत्ता काढत ती तासाभरापूर्वी दारात येऊन ठेपली. ती हसली तेव्हा त्याने धंद्याच्या सवयीने आधी दात पाहिले. पुढचा एक जरासा आत वळलेला, थेट त्याच्यासारखा. मग काय, कान जुळवून झाले, अंगठे जुळवून झाले, दोघंही चहात तीन चमचे साखर घेतात यावर हसून झालं. "अहो-जाहो कसलं करतोस रे?" असं तिने दोनदा दटावलं, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून 'तू' निघालं.

आता मात्र त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने खुर्ची ओढली आणि मुंगीसमोर बसला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. मुलीला आजवर त्याने एक चापटसुद्धा मारली नव्हती आणि याचा त्याला मनापासून अभिमान होता. दोन बोटांनी त्याने तिची हनुवटी हलकेच वर केली.

"सांग. काय काय केलंस?"

मुंगीने सांगितलं. टेबलाशी गेले, कवळी उचलली, खिडकीत ठेवली.

"काहीतरी राहिलं. पुन्हा सांग, पहिल्यापासून."

या वेळी तिने दार हळूच उघडल्याचंही सांगितलं.

"अजून राहिलं. पुन्हा."

असं चाललं. दर खेपेला तिचा आवाज बारीक होत गेला. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती न केलेलंही सांगू लागली. मला ती मोडायचीच होती, म्हणाली. हे खोटं आहे हे त्याला कळत होतं, आणि तरीही त्याला आतून गार, निवांत वाटत होतं.

धाडकन स्टूल पडलं. त्याने मागे वळून पाहिलं. बहीण उभी होती. दोन्ही हात अंगाला चिकटवलेले, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. साठीची बाई शाळकरी पोरीसारखी उभी होती.

"ताई? बरं वाटत नाहीये का?"

"जरा बाहेर ये," ती म्हणाली.

बाहेरच्या बोळात तिने दार लोटून घेतलं. आवाज अगदी खाली आणला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. ज्यांनी मला वाढवलं ते बाबा तर अगदी साधे. एकदा मी कवळीचा अख्खा साचा फोडला, तर म्हणाले, होतं असं, चल दुसरा करू. हे माझं मीच काढलंय. मारण्यापेक्षा बरं."

"मारत तेही नव्हते."

"कोण?"

"आपले वडील. खुर्ची ओढायचे. मग ही अशी दोन बोटं." तिने स्वतःच्या हनुवटीपाशी हात नेला आणि मध्येच खाली घेतला. "नऊ वेळा सांगायला लावायचे. आठव्या वेळेपर्यंत मी काहीही कबूल करून बसायचे. तुला देऊन टाकलं ना, त्या दिवशी मी रडले नाही. म्हटलं, एक तरी सुटला."

त्या माणसाला त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज ऐकला नव्हता, साधा फोटोही कधी हाती लागला नव्हता. आपल्यात आणि त्याच्यात काहीतरी वेगळं निघावं म्हणून तो मनातल्या मनात चाचपडत राहिला, आणि सापडलं तेव्हा घाईघाईने बोलून गेला.

"पण मी मोजत नाही, ताई. शपथ. नऊ-बिऊ माझ्या डोक्यातही नसतं."

आणि ते खरं होतं. बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो एकटाच आत आला. मुंगी होती तिथेच, तशीच उभी होती. तो खाली जमिनीवर बसला. त्याला तिला कुशीत घ्यायचं होतं, पण हात पुढे करायची भीती वाटली.

"झालं, बाळा. चुकलं माझं. जा, खेळ जा."

ती हलली नाही.

"जा ना."

"सातच झालेत, बाबा," मुंगी समजुतीने म्हणाली. "अजून दोन राहिलेत."

"दोन? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दर वेळी नऊच असतात."

मग तिने मोठा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.