चाळीस शिक्के

तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी प्राचार्य ग्रंथालयात आले. "काका, पुस्तकं वाचली जातात असं दिसलं पाहिजे. श्रेणी घसरली तर कॉलेजला टाळं लागेल, आणि खापर तुमच्या डोक्यावर फुटेल." दिवसभर मी कोऱ्या पुस्तकांत देवघेवीच्या खोट्या तारखांचे शिक्के मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी कपाटातून नेमकं स्वतःचंच पुस्तक काढलं, उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेवरचं. चाळीस शिक्के पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे कुणीतरी वाचतंय हो!"

मग त्यांनी पान उलटायला घेतलं. छापखान्यातून आलेली पानं कडेला अजून जोडलेलीच होती. एकही कापलेलं नव्हतं. प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले.

अध्यक्ष खुर्ची ओढून बसले.

"जरा पट्टी देता का?"

मी दिली. मान खाली घालून ते एकेक पान कापत गेले, अगदी शेवटपर्यंत. मग पुस्तक माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी शिक्क्यांच्या आधी हे करत जा."