भिंतीतला हात

ती चुन्याची बादली ठेवा खाली, भाऊ. कुंचला बी ठेवा. खोली भाड्यानं घेतलीया, रंगवायची तर खुशाल रंगवा. पण ह्या भिंतीला हात लावायच्या आधी तिची गोष्ट ऐका. ऐकली की तुमचा बी संताप व्हईल.

पिंपरीला पहिला मोठा कारखाना निघायचा हुता तवाची गोष्ट. माळावर नुसत्या बाभळी. कारखान्याला रस्ता पायजे, आन् रस्ता ह्याच बोळातनं जायचा. बोळ एवढासा. एका अंगाची घरं पाडल्याबिगर ट्रक शिरायचा न्हाई. ह्या अंगाला छबूबाई. समोर दौलतराव. कारखान्याचा साहेब येऊन बघणार, आन् ज्या अंगाची घरं खिळखिळी, ती पाडणार.

छबूबाईचा नवरा गेलेला. पदरात एक पोरगी. साहेब येणार म्हणल्यावर तिनं काय केलं? पाव्हणा येणार म्हणल्यावर आपल्या बायका करत्यात तेच. भिंत लिपायला काढली. पवनेच्या काठची मऊ माती आणली, फडक्यातनं गाळली. भुसा घातला न्हाई. काड्या दिसत्यात, साहेबाम्होरं बरं दिसत न्हाई. आन् थर दिला बोटभर जाड. भिंत कशी आरशावानी दिसली पायजे!

तिथंच चुकलं. मातीचं असं असतं भाऊ, वरची साय आधी सुकती. सुकली की आक्रसती. खालचा चिखल वलाच असतो, तो तिला सरकू देत न्हाई. मग ती फाटती. पातळ हात दिला तर फाटत न्हाई. भुसा असला तर तो धरून ठिवतो. हितं थर जाड, माती पिठावानी बारीक, आन् वर चैताचं ऊन. दुसऱ्या दिवशी साहेब आला तवर सगळी भिंत तडकली. सुकल्या तळ्याच्या तळावानी!

साहेबानं भिंतीकडं बघितलं. "हे घर तर पडायला आलंय."

"न्हाई साहेब," छबूबाई म्हणली. "कालच लिपलीया. आतनं दगुड हाय."

तेवढ्यात समोरनं दौलतराव आला. शेजारी! जिच्या घरचं विरजण रोज न्यायचा, तिच्या दारात उभा राहून म्हणतो कसा, "कालचं कशाचं, साहेब? धा वर्सं बघतोय मी ह्या चिरा. पावसाळ्यात एखाद्याच्या अंगावर पडंल."

आसं सरळ बोलला. डोळ्याची पापणी हलली न्हाई. बाईमाणसाचं छप्पर काढायला निघाला, आन् वर म्हणतो, अंगावर पडंल!

साहेबानं मान हलवली. "मग रस्ता ह्याच बाजूनं."

छबूबाई रडली न्हाई. दाराजवळ गेली, भिंतीला बोट लावलं. "भावजी, जरा हात ठेवा की हितं."

सगळी भिंत फाटलेली, पर दारापाशी तळहाताएवढी जागा साफ हुती. एक चीर न्हाई. तिथं हात उमटला हुता. आदल्या दिवशी दौलतराव आला हुता विरजणाला. पायात काटा घुसला, म्हणून वल्या भिंतीला टेकून काढला. शेजारधर्म म्हणून ही काय बोलली न्हाई. दाबलं तिथं थर पातळ झाला, म्हणून तेवढीच माती फाटली न्हाई.

दौलतरावानं हात धोतरात लपवला.

"ठेवा," साहेब म्हणला.

ठेवला. बरोबर बसला. चारच बोटं. अंगठ्याजवळचं न्हाई.

"ते बोट कधी गेलं तुमचं?" साहेबानं इचारलं.

गोळा झालेल्या लोकांतनं सोपानराव वरडला, "औंदाच गेलं की साहेब! गुऱ्हाळाच्या चरकात! आमीच दवाखान्यात न्हेला त्याला!"

धा वर्सांच्या लिपणात औंदाचा हात! लोक फिदीफिदी हसाय लागले. साहेबानं हातातल्या काठीनं एक पापुद्रा उचकटला. खाली काळा दगुड, घट्ट. साहेब वळला, समोरच्या घराकडं बघितलं. "रस्ता पलीकडून काढा."

पाडलं दौलतरावाचं घर. बरं झालं म्हणले लोक. मी बी म्हणतो, बरं झालं!

छबूबाई तेवढं म्हणली न्हाई. भांडी गाडीत घालून दौलतराव निघाला, तशी ती बैलाम्होरं आडवी आली. "पाऊस तोंडावर आलाय. पोरं कुठं नेता, भावजी? मागची खोली रिकामीच हाय माझी."

ह्याच दारानं मान खाली घालून मरंपातुर आला-गेला त्यो. दर दिवाळीला छबूबाई भिंत लिपायची, भुसा घालून, पातळ. हाताच्या कडंकडंनं. एकदा त्यानं काकुळतीला येऊन म्हणलं, "वैनी, बुजवा की आता त्यो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणली. "त्याच हातानं माझं घर राखलं."

तवा चारी भिंतींना चुना मारा, भाऊ. तेवढा हात सोडा. माझ्या बापाचा हाय त्यो.