अकरा रुपयांचा विळा

“हाताचा जमाना संपला,” भिवाजीने कोंडाजी लोहाराच्या भट्टीपुढे उभं राहून जाहीर केलं. “ह्यापुढं दुनिया मशिनीवर चालनार.”

एवढं बोलून त्याने काखेतलं पुडकं सोडायला घेतलं. सुतळी सुटेना. दातांनी तुटेना. शेवटी त्याने कोंडाजीकडेच सुरी मागितली. सुरी हातात देऊ नये म्हणून कोंडाजीने ती जमिनीवर ठेवली. भिवाजीने उचलली, सुतळी कापली आणि भाषण पुढे चालू केलं.

पुडक्यातून विळा निघाला. तेलात न्हालेला, चकचकीत, पात्यावर नंबर ठोकलेला. खालापूरच्या दुकानातून आणलेला, रोख अकरा रुपये. कोंडाजीचा विळा चार रुपयांना मिळे. म्हणजे हा विळा कोंडाजीच्या विळ्यापेक्षा पावणेतीन पट चांगला, हे भिवाजीने भट्टीवर बसलेल्या सगळ्यांना तिथल्या तिथे पटवून दिलं. दोन वर्षांपूर्वी तो साजगावच्या कारखान्यात लागला होता. तेव्हापासून त्याला असं सगळं चटकन कळे.

“तुझं काम वाईट नाय रं कोंडाजी,” त्याने मोठ्या मनाने सांगितलं. “पन तुझे दोन इळे कंदी एकसारखे निघालेत का?”

“नाय निघत,” कोंडाजी म्हणाला आणि भाता ओढू लागला. बसलेली मंडळी हसली.

कळंबला भातकापणीला बायका ओळ धरून उतरत. त्या ओळीचं पहिलं टोक बावीस वर्षं भिवाजीच्या बायकोचं, गौराबाईचं होतं. ती बांधाला पोचून पाणी पिऊन बसे, तेव्हा बाकीच्या अजून मधल्या खाचरात असत. घरात तिला कोणी काही विचारत नसे. शेतात मात्र चौदा बायका तिच्या मागे चालत.

त्या वर्षी तिच्या हातात अकरा रुपयांचा विळा आला. पहिल्या दिवशी ती तिसरी पोचली. दुसऱ्या दिवशी सातवी. भात कापलं जाईना, पात्यावरून घसरे, मुठीत चुरगळे. “काय गं गौरावैनी,” ओळीतल्या सुंदराने विचारलं, “पगाराचं खाऊन हात जड झाला का?” सगळ्या हसल्या. गौराबाईही हसली. चौथ्या दिवशी तिने आपणहून पहिलं टोक सुंदराला दिलं आणि मागे राहून भारे बांधू लागली.

पहिलं टोक का सोडलं, असं घरी भिवाजीने विचारलं तेव्हा म्हणाली, विळा बेस आहे, आपलंच वय झालं. नवऱ्याने गावभर सांगितलेल्या वस्तूला ती दुसरं काय म्हणणार.

भिवाजीला फार वाईट वाटलं. विळ्याबद्दल. एवढा महागाचा माल चार दिवसांत बोथट झाला असणार, आणि हे गावाला कळलं तर तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून भर दुपारी, भट्टीवर कोणी नसताना, तो विळा टॉवेलात गुंडाळून मागच्या वाटेने कोंडाजीकडे गेला. धार लाव, म्हणाला, आणि कुठे बोलू नको.

कोंडाजीने पात्यावरून अंगठा फिरवला. उजेडात धरून पाहिलं.

“इळा झ्याक हाय. पोलाद माझ्यापरीस चांगलं.”

“मंग कापत का नाय?”

“ह्याचे दाते उजव्या हाताला पाडल्यात. वैनी डाव्या हातानं कापतात.”

भिवाजी हसला. मग हसायचा थांबला. त्याने गौराला डोळ्यांपुढे आणून पाहिलं. भात वाढताना उजवा हात. कुंकू लावताना उजवा हात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आईने तिच्या हातावर पळीचा फटका दिला होता, तेही आठवलं. कशाबद्दल, ते त्याने तेव्हा विचारलं नव्हतं. शेतात ती आठवली ती वाकलेली, पाठमोरी. तो बांधावर उभा राहून काम सांगत असे. बांधावरून हात दिसत नाही.

“तुला कोनी सांगितलं? तिनं?”

“वैनी कशाला सांगतील? माहेराहून इळा आनला व्हता त्यांनी. तुमीच घेऊन आलात दाते पाडायला. मूठ उलट्या अंगानं झिजलेली. तवापास्नं त्यांचे दाते मी उलट्या अंगानं पाडतो. दर साली तुमीच तर आनता, तुमीच नेता.”

भिवाजीने टॉवेलाने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

“मंग त्याचं जादा कंदी मागितलं नायस ते?”

“इळा तेवढाच, मेहनत तेवढीच. जादा कशाचं? आन् सांगायचं तरी काय, घरच्या मानसाला ठावं असनारच की.”

कोंडाजी उठला. कोपऱ्यातून एक काळा, ओबडधोबड विळा काढून त्याने जमिनीवर ठेवला. गौराबाईचा जुना झिजत आला म्हणून दिवाळीआधीच करून ठेवलेला होता. दुसऱ्या कोणाच्या हाताला तो चालला नसता, म्हणून तसाच पडून होता.

भिवाजीने अकरा रुपये काढून दिले. कोंडाजीने चार ठेवले आणि सात परत केले.

दोन्ही विळे टॉवेलात बांधून भिवाजी बाहेर पडला. दहा पावलं गेला आणि परत आला. भट्टीच्या दारात उभा राहिला. आता हात आणि मशीन यांवर नवं भाषण होणार, असं वाटून कोंडाजीने भाता थांबवला.

“कोंडाजी,” भिवाजी हळूच म्हणाला, “मला हे आज कळलं, येवढं गौराला सांगू नको.”