आमच्या विहिरीतलीच रोहू

“नायलॉन पाण्यात चमकते, ताई. ही चमकत नाही. मासोळीले वाटते पिठाचा गोळा आपल्या मनानं खाली येऊन राह्यला.”

अय्यूबभाईंनी गळाची फ्लोरोकार्बनची दोरी दोन बोटांत ताणून उजेडात धरली. उर्वशीच्या कडेवरची पायलही मान वाकडी करून पाहू लागली.

घाटंजीच्या बाजाररस्त्यावर अय्यूबभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. उर्वशी कॉलेजात असताना तिचीही सायकल तेच दुरुस्त करायचे. पण त्यांचा खरा जीव मासे पकडण्यात. ट्यूबांच्या शेजारी गळ आणि दोऱ्यांची रिळं टांगलेली असायची.

“नायलॉननं सकाळपासून दोनदा टाकून पाह्यलं,” उर्वशी म्हणाली. “जवळसुद्धा येत नाही.”

“रोहू लय हुशार. केवढी हाय?”

“तीनेक किलोची असंल. मामाजींनी बोटाएवढी असताना विहिरीत सोडली होती.”

“मंग एवढी खटपट काहून? आज बाजार हाय. ताजी रोहू भेटते.”

“विकतची नाही चालत. आमच्या विहिरीतलीच पाह्यजे. अन् आजच.” तिनं पायलच्या केसांवरून हात फिरवला. “पोरीसाठी.”

अय्यूबभाईंनी पायलचे खोल गेलेले डोळे पाहिले. “बिमार होती?”

“टायफॉइड. परवाच दवाखान्यातून आणली.”

“मंग बराबर हाय. रस्सा पाजा. चार दिवसांत पळाले लागते!”

पायल दुकानातल्या माठाचं पाणी दोन पेले गटागटा प्यायली. उर्वशीनं बाटलीही भरून घेतली.

अय्यूबभाई रंगात आले. बारीक दोरी रोहूच्या पहिल्याच झटक्यात तुटेल. जाड घेतली तर ताठ राहते, गोळा नीट बसत नाही. त्यांनी मधली काढली. “ही नायलॉनसारखी लांबत नाही. मासा चावला की लगेच हाताले कळते. पण विहिरीचे दगड लागले तर बोटानं चाचपून पाहा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापा. अन् गाठ कोरडी आवळू नका, जळते. थुंकी लावा, मंग आवळा.”

वावभर तुकडा पुरे होता. मागे नायलॉनच जोडायची. तुकडा कापता कापता त्यांनी एकदम शटर ओढलं.

“चला, मीच येतो. रोहू निघाल्याशिवाय मले चैन पडणार नाही.”

त्यांच्या मोटारसायकलवर तिघं उर्वशीच्या गावात पोचली, तर विहिरीभोवती जत्राच. बाया निंदणाला गेल्या नव्हत्या. पाण्याच्या उपड्या गुंड्यांवर बसून त्या वाट पाहत होत्या. उर्वशीचे सासरे डोमाजी बांबूची काठी घेऊन कठड्यापाशी तयार.

“बापरे!” अय्यूबभाई हरखले. “मासोळी एक अन् खाणारे एवढे?”

कोणी हसलं नाही.

बोंडअळीचं साल होतं. गावात ज्याच्या त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप. शेजारचा उकंडाही रिकामा पंप पायाशी ठेवून लांब लिंबाखाली उभा होता. तो दोन पावलं पुढे आला, तशी उर्वशीची सासू इंदूबाई कडाडली, “उकंड्या, तू तिकडंच राह्य! झाकण सापडलं का तुह्यं?”

उकंडानं मान हलवली.

“त्याले काहून हाकलता, बाई?” अय्यूबभाईंनी विचारलं.

“औषधाचा वास मासोळीले येते,” उर्वशी घाईनं म्हणाली.

“हे बराबर बोलली!”

गाठीसाठी डोमाजींनी नायलॉनचं टोक तोंडाकडे नेलं. उर्वशीनं झडप घालून त्यांचा हात धरला.

“तोंडात नका घालू, मामाजी!”

“अवं, ओली करा म्हणे न थे?”

“सकाळी विहिरीत हीच दोरी होती न. अन् तुमच्या तंबाखूचा वास वेगळाच.” तिनं बाटलीतला थेंब गाठीवर सोडला.

“शिकलेली सून,” डोमाजी पुटपुटले. आता मात्र बाया फिसकन हसल्या.

फुटाण्याच्या पिठाचा गोळा पाण्यात उतरला. दोरी खरंच दिसेना. नुसता गोळा खाली, आणखी खाली, आणि मग काळोखात गेला.

“आई, पाणी,” पायल कुरकुरली.

“आधी मासोळी, बाळा.” उर्वशीनं बाटलीचं एक झाकणभर तिला पाजलं.

बराच वेळ काही नाही. डोमाजींनी दोरी ओढून घेतली; दगडाला घासून ती खरखरीत झाली होती. तुकडा कापला, गाठ पुन्हा मारली, गोळा पुन्हा सोडला. एक बाई पदराचं टोक चावत होती. उर्वशीची नजर काठीच्या शेंड्यावरून हटेना.

शेंडा थरथरला.

“थांबा!” अय्यूबभाई कुजबुजले. “थांबा... आता!”

काठी धनुष्यासारखी वाकली. “हाय! हाय!” सगळ्या बाया एकदम उठल्या, गुंड्या गडगडल्या. दोरी पाणी कापत फिरू लागली. “ढील द्या! कठड्याले घासू देऊ नका!” अय्यूबभाई नाचत होते. डोमाजींना काठी आवरेना. उर्वशीनं पायलला इंदूबाईकडे दिलं आणि काठी मागून धरली. खालून चंदेरी पाठ उसळली, पुन्हा बुडाली, पुन्हा उसळली. अय्यूबभाईंनी जाळीची टोपली सोडली आणि मासोळी वर आली. लालसर परांची, जाडजूड, दगडावर फाडफाड शेपटी आपटणारी.

“क्या बात है!” अय्यूबभाईंनी टाळी वाजवली. “विळा आणा!”

उर्वशी गुडघ्यांवर बसली. मासोळीचे कल्ले उघडत होते, मिटत होते. ती पाहतच राहिली. मग तिनं हलक्या हातानं गळ काढला, दोन्ही हातांनी मासोळी उचलली आणि परत विहिरीत सोडून दिली.

“अरे! अरे! ताई, रस्सा?”

लिंबाखाली उकंडा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला.

इंदूबाईनं पायलला छातीशी धरलं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, “जित्ती हाय वं! उकंड्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण विहिरीत पडलं असंल तरी पाण्यात इख नाही! सोडा बादल्या, भरा पाणी!”