बेटावरची हजेरी

जगनच्या पत्राला कुटे सरांनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात दोनच ओळी होत्या. ‘सर, बेटावरून निघताना माझ्या नावाला हजर कोण म्हणालं, तेवढं कळवा. बाकी काही नको.’ सर वाचत असतील त्या पुस्तकात ते पत्र असायचं. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात जायचं.

आज सर त्याच बेटावर होते. पैनगंगेच्या मधोमध वाळूचा लांबट पट्टा, टोकाला लव्हाळ्याचं रान. सोळा वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला ते इथे शिबिराला घेऊन आले होते. आता त्या वर्गाने त्यांना आणलं होतं. रात्र तंबूत काढून झाली होती. वाळू दिसते मऊ, पाठीला मात्र दगडासारखी लागते. सरांना घरी जायचं होतं.

तंबू उतरले. होडी वाळूला लागली.

“सर, हजेरी घ्या,” रविंद्र म्हणाला. वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा, आता हिंगोलीत मोबाईलचं दुकान चालवणारा. “न्हाई तर पुन्हा एखादं लेकरू राहून जाईल इथंच.”

सगळे हसले. त्याने यादीही लिहून आणली होती. सरांनी चष्मा लावला.

“निता.”

“हजर सर. कंबर तेवढी तंबूत राहिली.”

“रविंद्र.”

“हजर सर, पोटासकट.”

“जगन राठोड.”

कोणी बोललं नाही. जगन आलाच नव्हता.

“म्हण की, विश्या,” रविंद्र म्हणाला. “जुनी सवय हाय तुही.”

विश्वंभर तंबूच्या दोऱ्या गुंडाळत होता. शाळेत जगनला तांड्यावरून यायला उशीर झाला की त्याच्या नावाला विश्वंभरच हजर म्हणायचा. दोघं एका डब्यातलं खायचे.

“त्या दिशी म्या न्हाई म्हणलो,” तो म्हणाला. “सोळा वर्सं सांगून राहिलो.”

“मजाक केली बाबा.”

“तुही मजाक झाली. त्यानं माह्या लग्नात पाय न्हाई ठेवला.” मग तो सरांकडे वळला. “सर, तुमी होते ना तिथं? सांगा सगळ्यायला. आवाज माहा होता का?”

सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“आठवत नाही रे,” ते म्हणाले. “फार वर्षं झाली.”

विश्वंभरने मान हलवली आणि दोरीला गाठ मारली.

सरांना सगळं आठवत होतं. आवाज कुणाचाच नव्हता. रात्रभर मुलांची राखण करून त्यांचे डोळे मिटत होते. त्यांनी पहिली चार-सहा नावं घेतली, पुढची घेतलीच नाहीत; होडीत चढायच्या गोंधळात मुलांच्या ते लक्षातही आलं नाही. पलीकडे गेल्यावर जीपमध्ये बसून हजेरीपटावर वरून खालपर्यंत खुणा केल्या. जगन लव्हाळ्यामागे झोपलेला होता. दिवस मावळताना एका भोयाला तो दिसला, छातीएवढ्या पाण्यात उभा. पोहता येत नव्हतं, तरी निघाला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत आला तेव्हा सरांच्या तोंडून निघून गेलं, ‘मी नाव घेतलं. कोणीतरी हजर म्हणालं.’ तो कोणीतरी कोण, हे मग मुलांनीच ठरवलं.

परतताना सर विश्वंभरच्या मोटरसायकलवर बसले. त्याचं गाव साखरा, सरांचं घर वाटेवर सेनगावात. सेनगावच्या स्टँडसमोर सर म्हणाले, “थांब जरा. चहा घेऊ.”

तो चहा सांगायला गेला. सरांनी पुस्तकातून कोरं पोस्टकार्ड काढलं. याआधी त्यांनी जगनला कितीतरी पत्रं लिहून फाडली होती. प्रत्येकात चार-चार पानं कारणं होती. कार्डावर कारणांना जागा नव्हती.

‘चि. जगन, तुझ्या नावाला कोणीच हजर म्हणालं नाही. मी नाव घेतलंच नव्हतं. नंतर खोटं बोललो. विश्वंभरचा दोष नाही. – कुटे.’

पत्ता त्यांनी जगनच्या पत्रावरून उतरवला. चाकणजवळची कुठलीशी चाळ, खोली नंबर नऊ.

विश्वंभर दोन कप घेऊन आला. सरांनी कप घेतला आणि कार्ड पुढे केलं. मजकुराची बाजू वर होती.

“पलीकडे पेटी आहे. माझे गुडघे धरलेत. एवढं टाकून येतोस?”

विश्वंभर कार्ड घेऊन रस्ता ओलांडून गेला. पेटीपाशी थांबला. मधे एक काळीपिवळी जीप येऊन उभी राहिली, माणसं चढली, जीप हलली. तो तिथेच होता, कार्डावर मान घालून. सरांच्या हातातला चहा निवला.

मग तो परत आला. कार्ड अजून त्याच्या हातात होतं. सरांनी मान खाली घातली.

“पेन द्या,” तो म्हणाला.

सरांनी पेन दिलं. त्याने मोटरसायकलच्या सीटवर कार्ड ठेवलं आणि सरांनी लिहिलेला पत्ता खोडला.

“ही खोली सोडली त्यानं. तीन वर्सं झाली.”

शेजारच्या कोपऱ्यात त्याने दुसरा पत्ता लिहिला. मोबाईल काढला नाही, कुठे अडला नाही. खाली पिनकोडचे सहाही चौकोन भरले. मग रस्ता ओलांडून गेला आणि कार्ड पेटीत टाकलं. कार्ड पडलं तरी त्याचा हात थोडा वेळ पेटीच्या तोंडातच होता.