ड्रायरचा पाइप

सानिकाने ड्रायरमधून खाकी शर्ट काढला, कॉलर गालाला लावून बघितली आणि मशीनचं दार धाडकन लावलं. दीड तास फिरूनही शर्ट दमटच. सकाळी सहाच्या पूर्णगड गाडीवर तिची कंडक्टरची ड्युटी होती. गेला पंधरवडाभर ती असाच कुबट शर्ट घालून तिकिटं देत होती आणि आता तिला पाशिंजरांच्या जवळ जायची लाज वाटायला लागली होती.

"उद्या घेऊन जाऊ दे हे डबडं," ती म्हणाली. "दुकानवाल्याला सांगून ठेवलंय मी."

सासरे भिकाजी स्टुलावर बसले होते. "मशीन बरं हाय गो. हवेतच पानी हाय, त्याला ते काय करील?"

"पहिले आठ दिवस तर कडक वाळत होते कपडे. तेव्हा काय ऊन पडलं होतं, बाबा?"

म्हातारा गप्प झाला. बोटीवर तांडेल म्हणून खलाशांवर ओरडण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस गप्प बसला, की घरात काहीतरी शिजतंय हे ओळखावं. सानिकाने ओळखलं.

दुकानदाराने फोनवर तीन गोष्टी तपासायला सांगितल्या होत्या. जाळीतला कचरा तिने काढला होता. कपडे जास्त होतात म्हणावं, तर आज एकटा शर्ट आत टाकून बघितला होता. राहिला मागचा पाइप. गरम दमट हवा त्यातून घराबाहेर जायला हवी, कुठे मुडपला असेल तर बघा, असं तो म्हणाला होता.

ती मशीन ओढायला वाकली तसे भिकाजी उठले. "मागं जाऊ नको. पाल हाय."

"मी एसटीत नोकरी करते, बाबा. पालीला काय घाबरायचंय?"

"मग कर काय ता," म्हणत त्यांनी छत्री उचलली आणि भर पावसात जेट्टीवर निघून गेले.

मशीन पुढे आलं. पाइपसाठी भिंतीला पाडलेल्या भोकात जाळं तरंगवणारा जुना बोया ठोकून बसवला होता, पाणी काय, मुंगीसुद्धा आत येऊ नये असा. आणि पाइप? तो वळून तांदळाच्या पिंपामागून, फळीच्या भिंतीखालच्या फटीतून आतल्या खोलीत गेला होता. तीन ठिकाणी नायलॉनच्या दोरीने आवळलेला. त्या गाठींवर बंद पडलेली एसटी ओढून नेता आली असती.

सानिका आत गेली आणि गुडघ्यांवर बसून तिने सासूच्या खाटेची लोंबती चादर वर केली. पाइप तिथेच संपत होता. तोंड वर, बरोबर जिथे झोपल्यावर मालनचे गुडघे येतात तिथे. चाळीस वर्षं मच्छी मार्केटच्या ओल्या ओट्यावर बसून ते गुडघे कामातून गेले होते.

मालन खाटेवर बसून लसूण सोलत होती. "गावला वाटतं," ती शांतपणे म्हणाली.

"आई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग? त्या दिवशी दुपारभर हे खाटेखाली खुडबुड करत होते. मी झोपल्याचं सोंग केलं."

सानिकाने गादीखाली हात घातला. गादी खालून ओलीगच्च होती, हाताला हिरवी बुरशी लागली. पंधरा दिवस तिच्या शर्टांचं सगळं पाणी वाफ होऊन इथे मुरत होतं.

"अहो, ही ऊब नाही, ओल आहे नुसती! गुडघे आणखी दुखत असतील तुमचे."

"दुखतात तर." मालनने आणखी एक पाकळी सोलली. "पन रोज येऊन विचारतात, ऊब लागते का गो? पन्नास वर्षांत ह्या मानसानं मला जेवलीस का म्हनून नाय विचारलं. काय सांगू? लागते म्हनते."

सानिकाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. ह्या दोघांवर आपला एवढा जीव आहे हे तिला त्या ओल्या गादीशी बसून कळलं.

"त्यांना बोलू नको हां," मालन म्हणाली. "मशीन ठेव नायतर परत दे. पन बोलू नको."

गाठी सुटेनात. शेवटी विळीने कापल्या. बोया उपटून पाइप भिंतीत बसवला, कोरडी गादी घातली आणि शर्ट पुन्हा मशीनमध्ये टाकला. पाऊण तासात तो पापडासारखा कडक निघाला. मग तिने दुकानवाल्याला नको येऊस म्हणून कळवलं आणि मालनची गोधडी आत टाकली.

भिकाजी निथळत परत आले. भिंतीतला पाइप बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"पाइप मुडपला होता, बाबा. सरळ केला," सानिका म्हणाली. "मला भाकऱ्या टाकायच्यात. मशीन वाजलं की गोधडी काढा आणि गरम आहे तोवर आईंच्या गुडघ्यांवर घाला. रोज संध्याकाळी हे काम तुमचं."

 म्हाताऱ्याने स्टूल ओढून मशीनसमोर मांडलं आणि काचेतून फिरणाऱ्या गोधडीवर डोळे लावून बसला.

मशीन वाजलं. गोधडी दोन्ही हातांवर घेऊन तो लगबगीने आत गेला. सानिकाचा भाकरीवरचा हात थांबला.

"ऊब लागते का गो?"

"जळ्ळं मेलं! भाजलात की मला!" मालन ओरडली.

"थांब, काढतो."

"गोधडीला हात नाय लावायचा," मालन म्हणाली.